प्लांट घ्यावा की कॉन्सन्ट्रेटर? ३० खाटांच्या रुग्णालयाच्या ऑक्सिजनविषयी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यात आपल्या संस्थेचे ३० खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर ११० किलोमीटरवरून भरून येतात, पावसाळ्यात नाले भरले की दोन-तीन दिवस गाडी पोहोचत नाही आणि वीज रोज तीन-चार तास जाते. आता एक कंपनी सीएसआर निधीतून मिनिटाला २५० लिटर क्षमतेचा पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे मोठे संयंत्र, बसवून द्यायला तयार आहे. विश्वस्तांना प्लांट हवा आहे, सिस्टरना कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हेच काम खाटेशेजारी करणारी छोटी यंत्रे, हवी आहेत, आणि या दोघांपैकी कोणाचे ऐकावे असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षे लहान रुग्णालयांच्या ऑक्सिजन व्यवस्था उभ्या करण्याचे व बिघडलेल्या मार्गी लावण्याचे काम करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यंत्र कोणते घ्यावे हा माझ्या मते तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आपल्या सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत वाईट तासाला मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लागतो. दुसरा असा, की आपला पुरवठा सलग किती काळ तुटू शकतो. या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर आली, की तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते. ऑक्सिजनचा कोणताही स्रोत कधीतरी बंद पडतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, वॉर्डातल्या नळ्यांमधला दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले. ते मोठ्या शहरातले रुग्णालय होते आणि टाकीही होती. म्हणून कोणताही स्रोत निवडताना मी आधी हे विचारतो, की तो बंद पडल्यावर रुग्णाच्या नाकातली नळी पुढची किती मिनिटे वाहती राहील आणि त्या मिनिटांत कोण काय करणार आहे.

काही गोष्टी इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. आपल्याकडे नवजात शिशूंचा स्वतंत्र कक्ष आहे का, शस्त्रक्रिया आठवड्यातून किती होतात, वॉर्डात पाइपलाइन आहे की खाटेशेजारी सिलिंडर उभा करता, गंभीर रुग्ण आपण ठेवून घेता की १०८ बोलावून पुढे पाठवता, यावर आकडे बरेच बदलतील. तरीही हिशेबाची रीत तीच राहते, म्हणून मी एक नमुना मांडतो. त्यात आपले आकडे भरून पाहावेत.

आपल्या भागातला एक वाईट दिवस घेऊ. वॉर्डात चार प्रौढ रुग्ण मिनिटाला प्रत्येकी ३ लिटरवर आहेत. त्यांत न्यूमोनिया असेल, दमा असेल, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत होणारा तीव्र बिघाडही असेल. तीन मुले प्रत्येकी १ लिटरवर आणि दोन नवजात बाळे प्रत्येकी अर्ध्या लिटरवर आहेत. हे सगळे मिळून १६ लिटर झाले. त्यात अपघाताचा किंवा मण्यार चावलेला एक रुग्ण येतो आणि पुढे पाठवेपर्यंत सहा तास मिनिटाला १० लिटर घेतो. म्हणजे शिखर २६ लिटरचे. दिवसभराचा हिशेब करायचा तर १६ लिटर चोवीस तास, म्हणजे २३,०४० लिटर; तातडीच्या रुग्णाचे ३,६०० लिटर; शस्त्रक्रियागृहात तीन तास ४ लिटरप्रमाणे ७२० लिटर. एकूण २७,३६० लिटर, म्हणजे सुमारे २७ घनमीटर. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. थोडक्यात, वाईट दिवशी आपल्याला चार जंबो सिलिंडर लागतील. सरासरी दिवशी यापेक्षा बरेच कमी लागतील. किती, ते आपले सिलिंडरचे रजिस्टर सांगेल. मात्र त्यासाठी गेल्या वर्षातल्या जुलै ते सप्टेंबरच्या नोंदी पाहाव्यात. एप्रिलमधल्या नोंदींवरून चित्र फसवे दिसते.

आता प्लांटची क्षमता या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. मिनिटाला २५० लिटर म्हणजे तासाला १५ घनमीटर आणि दिवसाला ३६० घनमीटर, म्हणजे सुमारे ५० जंबो सिलिंडर. आपल्या वाईट दिवसाची गरज चार सिलिंडरची. मिळते ते मोठेच घ्यावे, कधीतरी उपयोगी पडेल, हा विचार धान्याच्या कोठीला लागू पडतो, पीएसए प्लांटला पडत नाही. या प्लांटमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबून घेतो, ती कोरडी करून झिओलाइटच्या दाण्यांमधून सोडली जाते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९३ टक्के, तीन टक्के इकडे-तिकडे, असा ऑक्सिजन बाहेर येतो. झिओलाइटचा मोठा शत्रू ओलावा आहे. प्लांट नियमित आणि बऱ्यापैकी भाराने चालला तर दाणे कोरडे राहतात. तो दिवसातून तासभर चालून उरलेला वेळ बंद राहिला, त्यात पावसाळ्याची हवा आणि दुर्लक्षित ड्रायर यांची भर पडली, तर शुद्धता हळूहळू घसरते, आणि शुद्धतामापकाकडे रोज कोणी पाहत नसेल तर ती घसरली हे कळतही नाही.

विजेचे गणित त्याहून अवघड आहे. पीएसए प्लांटला एक घनमीटर ऑक्सिजन बनवायला ढोबळ मानाने एक ते दीड युनिट वीज लागते. म्हणजे आपला प्लांट चालू असताना तासाला २० युनिटच्या आसपास वीज खाईल, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट लागेल. आपला सध्याचा जनरेटर दिवे, पंखे आणि शस्त्रक्रियागृह यांच्या हिशेबाने घेतलेला असणार. तो हा भार उचलेल असे गृहीत धरू नका. प्लांटबरोबर मोठा जनरेटर, थ्री-फेज जोडणीचा वाढीव भार आणि डिझेल हे सगळे येते, आणि देणगीपत्रात यांतले सहसा काहीच लिहिलेले नसते. जनरेटरचा धूर प्लांटच्या हवा घेण्याच्या तोंडाकडे जाणार नाही अशी जागाही लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे महिना लक्षात घेता खोलीत वारा खेळता हवा. पत्र्याच्या बंद शेडमध्ये बसवलेला कॉम्प्रेसर दुपारी तापून बंद पडतो.

कोविडच्या काळात पीएम केअर्स निधीतून देशभरात बाराशेहून अधिक पीएसए प्लांटना पैसे मिळाले आणि त्यांतले बहुतेक २०२१ मध्येच उभे राहिले. त्या वेळी त्यांची गरज होती, यात शंका नाही. तोवर महाराष्ट्राची अवस्था अशी होती, की १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. पण लाट ओसरल्यानंतर मी ज्या लहान रुग्णालयांत गेलो, त्यांतल्या काही ठिकाणी प्लांटला कुलूप होते आणि वॉर्डात पूर्वीसारखेच सिलिंडर ढकलत नेले जात होते. विचारल्यावर कारणे जवळपास एकसारखी मिळत: वॉरंटी संपली, एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराला, पैसे नाहीत, फिल्टर कोणी बदलायचे हे ठरले नाही, ज्याला शिकवले त्याची बदली झाली. यंत्र निकृष्ट असल्याची तक्रार क्वचितच ऐकू आली.

मग प्लांट कोणालाच परवडत नाही का? परवडतो. माझा ढोबळ नियम असा, की रोजची सरासरी गरज दहा-बारा जंबो सिलिंडरच्या वर असेल, थ्री-फेज वीज विश्वासार्ह असेल आणि दोन-तीन तासांच्या अंतरावर प्रशिक्षित तंत्रज्ञ असेल, तर योग्य आकाराचा प्लांट काही वर्षांत आपली किंमत वसूल करतो. शेजारचे ग्रामीण रुग्णालय आणि दोन-चार प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना त्याच प्लांटवरून सिलिंडर भरून द्यायचे असतील, तर मोठ्या प्लांटचेही समर्थन होऊ शकते. पण सिलिंडर भरण्यासाठी उच्च दाबाचा वेगळा बूस्टर लागतो, त्या कामाला पेसोचा, म्हणजे स्फोटके आणि दाबाखालचे वायू यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो, आणि दीडशे पट दाबाखाली ऑक्सिजन हाताळणे हे जोखमीचे काम आहे. पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे हे खरे, तरी ३० खाटांच्या रुग्णालयाने हा जोडधंदा सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. द्रवरूप ऑक्सिजनचे आपल्याला फार सांगायला नको. एका लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, हे आकर्षक वाटते. पण तो उणे १८३ अंशांवर उकळतो, म्हणून वापरला नाही तरी रोज थोडा उडून जातो, आणि इतक्या आत नियमित गाडी पाठवणारा पुरवठादार मिळणेच कठीण असते.

आपल्या परिस्थितीत मी सिस्टरच्या बाजूचा आहे, पण पूर्णपणे नाही. रोजच्या स्थिर गरजेसाठी कॉन्सन्ट्रेटर, तर तातडीसाठी, शस्त्रक्रियागृहासाठी आणि वीज गेल्यावर सिलिंडर, अशी जोडी मी बसवीन. वरच्या नमुन्यातले १६ लिटर कॉन्सन्ट्रेटरवर सहज निभावतात. १० लिटरची दोन यंत्रे चार प्रौढांना पुरतात, अर्थात दोन स्वतंत्र फ्लोमीटर (प्रवाह दाखवणारे मापक) असलेलीच घ्यावीत. ५ लिटरचे एक यंत्र प्रवाह वाटून देणारा फ्लो स्प्लिटर लावून तिन्ही मुलांना आणि दुसरे दोन्ही बाळांना पुरते. त्याखेरीज ५ लिटरची आणखी दोन यंत्रे घ्यावीत, एक प्रसूतिगृहात आणि एक राखीव. कॉन्सन्ट्रेटरच्या बाबतीत राखीव यंत्र ही चैन नाही, कारण ही यंत्रे बिघडतातच. फरक इतकाच, की सहापैकी एक बिघडले तर उरलेल्या पाचांवर काम चालते, आणि एकुलता एक प्लांट बिघडला तर काहीच चालत नाही.

५ लिटरचे यंत्र साधारण ३५० वॉट आणि १० लिटरचे ६०० वॉट घेते. चार यंत्रे एकाच वेळी चालली तर भार दोन किलोवॉटच्या आत राहतो, आणि चार तासांचे भारनियमन झेलायला सुमारे आठ युनिट साठवणारी बॅटरी लागते. हे आवाक्यातले आहे. युगांडामध्ये जिंजा येथील रुग्णालयात सौर विजेवर कॉन्सन्ट्रेटर चालवून मुलांना ऑक्सिजन देण्याचे काम दहा वर्षांपूर्वीच झाले आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही, म्हणून बॅटरी मुख्यतः महावितरणच्या विजेवर भरावी आणि सौर पॅनेलने हातभार लावावा, अशी रचना मला जास्त सुरक्षित वाटते. व्होल्टेज स्टॅबिलायझर मात्र प्रत्येक यंत्रामागे हवाच. आपल्या भागातले व्होल्टेज ज्या तऱ्हेने खाली-वर होते, त्याने आधी यंत्राचे सर्किट बोर्ड जातात.

कॉन्सन्ट्रेटरच्या मर्यादाही माहीत असाव्यात. त्याचा दाब कमी असतो, त्यामुळे तो पाइपलाइनला जोडता येत नाही आणि चार बार दाब मागणारा व्हेंटिलेटर त्यावर चालत नाही. फ्लोमीटरवर १० चा आकडा दिसतो म्हणून आत ९३ टक्के ऑक्सिजन आहे असे नसते. प्लांटसारखेच यातही झिओलाइटचे दाणे असतात; ते थकले की तितकीच हवा बाहेर येते, पण ऑक्सिजन ७० टक्क्यांवर आलेला असतो. शुद्धता ८२ टक्क्यांखाली गेल्यावर वाजणारा गजर असलेलेच यंत्र घ्यावे, आणि हातात मावणारे एक ऑक्सिजन ॲनालायझर रुग्णालयात ठेवून आठवड्यातून एकदा प्रत्येक यंत्र तपासावे. मागचा जाळीचा फिल्टर दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावावा. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नये. राखीव यंत्र खोक्यात बांधून ठेवू नये. फेरपालट करून प्रत्येक यंत्र महिन्यातून काही तास तरी चालले पाहिजे, कारण ओलाव्याचा नियम इथेही तोच आहे. कोविडमध्ये देणगीत आलेली यंत्रे आपल्या स्टोअरमध्ये असतील तर ती फेकण्याआधी ॲनालायझर लावून पाहा. काही यंत्रे चांगली निघतात आणि काहींना फक्त नवे फिल्टर लागतात.

यंत्रांच्या खरेदीआधी मात्र एक खरेदी करावी, ती म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर. हे सांगितले की लोक थोडे निराश होतात, कारण ती वस्तू लहान आहे आणि तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी बसत नाही. पापुआ न्यू गिनीमधल्या पाच रुग्णालयांत कॉन्सन्ट्रेटर आणि पल्स ऑक्सिमीटर एकत्र आणले, परिचारिकांना शिकवले आणि यंत्रांच्या देखभालीची व्यवस्था लावली, तेव्हा न्यूमोनियाने दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिमीटरचा वाटा मोठा आहे असे मी मानतो. मुलाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला आहे हे नुसत्या डोळ्यांना उशिरा कळते. ओठ-जीभ निळी दिसायला रक्तात ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन पुरेशा प्रमाणात असावे लागते, आणि ज्या मुलाचे एकूण हिमोग्लोबिनच ५ किंवा ६ आहे ते ऑक्सिजनअभावी मरणाच्या दारात पोहोचले तरी निळे पडेलच असे नाही. आपल्या भागात पांडुरोग आणि सिकलसेल दोन्ही भरपूर आहेत, म्हणून हा मुद्दा इथे अधिकच लागू होतो. प्रौढांच्या बोटाला लावायची चिमटी बाळांना चालत नाही. नवजात बाळांसाठी तळपायाला गुंडाळायचा प्रोब असलेला ऑक्सिमीटर वेगळा घ्यावा लागतो. हात थंड असले, नखांना रंग असला, तर आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो थोडा जास्त दाखवू शकतो, त्यामुळे सावळ्या मुलाचे ९१ मी निश्चिंतपणे ९१ समजत नाही.

ऑक्सिमीटरचा दुसरा उपयोग बचतीचा आहे, आणि विश्वस्तांना तो लवकर पटतो. तातडीची लक्षणे असलेल्या रुग्णाला ९४ पर्यंत आणावे. तो स्थिरावल्यावर ९० च्या वर राहिला तरी पुरते. जुन्या धुरकट फुप्फुसांच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णाला ८८ ते ९२ मध्येच ठेवावे. कमी दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ मध्ये ठेवावे, ९५ च्या वर जाऊ देऊ नये, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. प्रत्यक्षात काय होते, तर रात्री दाखल केलेल्या रुग्णाला ६ लिटर लावलेले असतात, सकाळी त्याचे ९८ असते आणि फ्लोमीटरला कोणी हात लावत नाही. २०२१ मध्ये नंदुरबार जिल्ह्याने 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना राबवली. वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचा प्रवाह ठरावीक वेळाने पाहून गरजेपुरता ठेवण्याची जबाबदारी नेमून दिलेल्या परिचारिकेवर असे. आपल्या रुग्णालयाला वेगळी नेमणूक परवडणार नाही, पण प्रत्येक पाळीच्या सिस्टरने ड्यूटी घेतानाच ऑक्सिजनवरच्या प्रत्येक रुग्णाचा आकडा आणि लिटर एका ओळीत लिहावेत, एवढे नक्की करता येते.

आता सिलिंडर. वाईट दिवशी चार आणि रस्ता तीन दिवस बंद, म्हणजे वीजही गेली असे धरून बारा. मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळ्यांच्या जोडणीवर, चार-चारच्या दोन रांगा असतील, तर एक रांग संपत आली की दुसरीवर जाता येते. म्हणून आठ जंबो मॅनिफोल्डवर आणि आठ भरलेले शेजारी, असा सोळांचा साठा मी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत ठेवीन. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की संपर्क तुटतो, हे कित्येक पावसाळे आपण वाचत आलो आहोत. आपल्या वाटेवरचा नाला कितीही लहान असला तरी त्याची सर्वांत लांब मुदत किती होती, ते गावातल्या एसटीच्या चालकांना विचारून लिहून ठेवावे. साठ्याचा आकडा त्या मुदतीवर ठरवावा, सरासरीवर नव्हे. हिवाळ्या-उन्हाळ्यात साठा निम्म्यावर आणला तरी चालतो, म्हणजे अनामत आणि भाडे दोन्ही वाचते.

खाटेशेजारी आणि रुग्णवाहिकेत बी-टाइप, म्हणजे लहान सिलिंडर लागतात. त्यात सुमारे १,५०० लिटर असतात, म्हणजे ५ लिटर प्रवाहावर पाच तास आणि १० लिटरवर अडीच तास. हा हिशेब सिलिंडरवर रंगवूनच ठेवावा, कारण रुग्ण पुढे पाठवताना वाट किती तासांची आहे आणि हातात किती आहे, हे गणित घाईत कोणी करत नाही. ११० किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पावसात चार तास लागत असतील, तर १० लिटरवरच्या रुग्णाबरोबर एक बी-टाइप देणे म्हणजे त्याला अर्ध्या वाटेवर सोडून देणे आहे.

सिलिंडर उतरवून घेताना प्रत्येकाचा दाब मोजावा. पावती भरलेल्याची आणि काटा निम्म्यावर, असे घडते. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असतो, पण तो १५ अंश तापमानाला. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात उभ्या असलेल्या सिलिंडरचा काटा सुमारे नऊ टक्के जास्त दाखवतो, म्हणजे १५० दिसत असताना आत १३७ इतकाच माल असतो. मोजमाप सकाळी आणि सावलीत करावे. अंग काळे आणि गळा पांढरा हा वैद्यकीय ऑक्सिजनचा रंग आहे; संपूर्ण काळा सिलिंडर कारखान्याचा असतो आणि तो परत पाठवावा, मग गाडीवाला काहीही म्हणो.

लहान रुग्णालयांत रात्री ऑक्सिजन अडतो तो बहुतेक वेळा सिलिंडर संपल्यामुळे नाही. चावी सापडत नाही, बी-टाइपचा वॉशर फाटलेला असतो किंवा रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरचा असतो. चावी प्रत्येक सिलिंडर-ट्रॉलीला साखळीने बांधलेली हवी. वॉशर डझनाने मागवून ठेवावेत आणि त्यांतले चार सिस्टरच्या टेबलच्या खणात असावेत. पिन-इंडेक्सच्या पिना न जुळणारा रेग्युलेटर ठोकून बसवणाऱ्या माणसाला ते काम कायमचे बंद करावे. त्या पिना नायट्रस ऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन आणि ऑक्सिजनच्या जागी नायट्रस लागू नये म्हणूनच ठेवलेल्या असतात. भरलेला, चालू आणि रिकामा अशा तीन पाट्या गळ्यात अडकवाव्यात, आणि सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेले असावेत. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन कधीही लागू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये त्याने पेट घेतो. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हातांनी काम करण्याची सवय सगळ्यांनाच असते, म्हणून मॅनिफोल्डच्या खोलीबाहेर साबण आणि टॉवेल ठेवलेला बरा. कोरड्या नाकाला मावशी प्रेमाने व्हॅसलीन लावतात; तिथे पाण्यावर आधारित जेल द्यावे.

पाइपलाइन असेल तर गळतीची परीक्षा सोपी आहे. रुग्ण सिलिंडरवर घेऊन सगळे आउटलेट बंद करावेत, मॅनिफोल्डचा झडप बंद करून नळ्यांतल्या दाबाचा काटा लिहावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. काटा उतरला असेल तर साबणाचा फेस घेऊन सांधे शोधावेत.

हे सगळे करणार कोण, हा आपल्या प्रश्नात नसलेला पण सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बदली होणाऱ्या डॉक्टरांवर किंवा नागपूरहून येणाऱ्या इंजिनीअरवर ही व्यवस्था उभी करू नये. गावातला आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन किंवा रुग्णालयात वर्षानुवर्षे असलेले वॉर्डबॉय मामा, ज्यांचे घर इथेच आहे, अशा दोघांना फिल्टर, ॲनालायझर, मॅनिफोल्डची अदलाबदल आणि साधी दुरुस्ती शिकवावी, आणि त्या कामासाठी त्यांना पगारात वेगळी रक्कम द्यावी. ही रक्कम दिली नाही तर सहा महिन्यांत रजिस्टर कोरे पडते. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांची फेरी पुरे असते: मॅनिफोल्डचा दाब, भरलेल्यांची संख्या, प्रत्येक कॉन्सन्ट्रेटरचा दिवा, बॅटरीची पातळी, चावी जागेवर. वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरवरच्या रुग्णाला कोणी, कोणत्या क्रमाने सिलिंडरवर घ्यायचे याची तालीम महिन्यातून एकदा रात्रपाळीत घ्यावी, कारण दिवसा घेतलेल्या तालमीला सगळेच हजर असतात.

देणगीदाराला नकार देऊ नका, त्यांना दुसरी यादी द्या. माझ्या अनुभवात बहुतेक कंपन्यांना प्लांटच हवा असतो असे नाही; प्लांट हा एकच शब्द त्यांच्या कानावर पडलेला असतो. यादीत मी क्रमाने हे लिहीन: नवजात बाळांच्या प्रोबसह ऑक्सिमीटर, सहा कॉन्सन्ट्रेटर, स्टॅबिलायझर, बॅटरी व पॅनेल, ॲनालायझर, चार-चारचा मॅनिफोल्ड, जादा सिलिंडरची अनामत, आणि पाच वर्षांचे सुटे भाग व दोन माणसांचा मोबदला. शेवटच्या ओळीवर त्यांचे अधिकारी अडतील, कारण वस्तू देणे सोपे आणि चालू खर्च देणे अवघड असते. तिथे आपण ठाम राहावे. त्यांना प्लांटच द्यायचा असेल, तर २५० ऐवजी ५० ते १०० लिटरचा मागावा, त्यासोबत पाच वर्षांची देखभाल, जनरेटर आणि डिझेलची तरतूद लेखी घ्यावी, आणि तरीही वरचे सोळा सिलिंडर कमी करू नयेत.

यंदाच्या पावसाळ्यापुरते एक काम लगेच करा. प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासण्याची, तारीख कोरलेली असते आणि ती चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. मुदत उलटलेला सिलिंडर भरणारा कारखाना नाकारतो, आणि तो नेमका जुलैत नाकारला गेला तर साठ्यातले दोन-तीन सिलिंडर अचानक कमी होतात. मामांना खडू देऊन सगळ्या तारखा लिहून घ्या, या वर्षात संपणारे एप्रिलमध्येच चाचणीला पाठवा, आणि गेल्या जुलै-सप्टेंबरच्या रजिस्टरमधले आकडे इथे टाका, म्हणजे सोळांचा आकडा आपल्याला जास्त होतो की कमी पडतो ते पाहता येईल.